गंध लावलेला एक्स्टेन्शन बोर्ड

मंडळी, आज आयुधपूजा. तंजावुरात आज घरातल्या प्रत्येक यंत्राला गंध-कुंकू लागतं. माडीवरच्या बंद खोलीत मी विजेच्या दिव्यांखाली पालक, कोथिंबीर वाढवतो. सकाळी आईनं तिथले पंखे, एक्स्टेन्शन बोर्ड, आग विझवायचा सिलिंडर, सगळ्यांना ओलं गंध लावलं.

थोड्या वेळानं बोर्डातून धूर यायला लागला. मी सिलिंडर उचलला, तर त्याच्या ओढून काढायच्या पिनेवरच शेवंतीची माळ गाठ मारून बांधलेली. गाठ सुटेना. बायको पाण्याची घागर घेऊन धावली.

"पाणी नको, मेन बंद कर!" मी ओरडलो.

तिनं मेन बंद केला. बोर्ड वितळला होता, बाकी काही जळलं नाही.

मी आईला विचारलं, "विजेच्या बोर्डाला ओलं गंध लावतात का गं?"

ती म्हणाली, "लावताना बोर्ड चटका बसेल इतका तापला होता रे. मला वाटलं, तुझ्या दिव्यांचं तसंच असतं."

सगळे दिवे आणि पंखे मी त्या एकाच बोर्डावर जोडले होते. गंधाचा विषय मी तिथंच सोडला.

तुमच्या घरी, पूजेचा दिवस सोडून एरवी, बोर्डाला हात लावून कोणी बघतं का?