माजलेला पावटा

डमडमला आमच्या भाड्याच्या घरामागे चार हात मोकळी जागा आहे. गेल्या श्रावणात तिथे मी पावटा लावला, बाबांसाठी. बाबांनी आयुष्यभर सोनं गाळायचं काम केलं. तेजाबाच्या धुराने त्यांची फुप्फुसं गेली. अंथरूण धरल्यावर त्यांचं जेवणच तुटलं. डॉक्टर म्हणाले, काहीही करा, पण पोटात अन्न जाऊ द्या. बाबा एवढंच म्हणाले, "गावाकडच्या पावट्याची आमटी असती तर दोन घास गेले असते." इथल्या बाजारात शिमच्या चपट्या शेंगा मिळतात, पण त्यांना तो वास नाही. आईने गावाहून आणून राखेत घोळवून ठेवलेलं बी मला काढून दिलं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, तीही वनस्पतिशास्त्र घेऊन. त्यामुळे हे काम माझंच, असं मला वाटलं.

घरमालकीणबाई बंगाली, त्यांना मी काकीमा म्हणते. वेल गुडघाभर झाला तेव्हा त्यांनी मोहरीची पेंड भिजवून आंबवलेलं पाणी घालायला शिकवलं. इथे दारातल्या प्रत्येक कुंडीला ते मिळतं. "गाछ को खिलाओ, तभी तो तुमको खिलाएगा!" मला ते पटलं. दर आठवड्याला तांब्या तांब्या घालत राहिले. घरभर वास सुटायचा, आई नाकाला पदर लावायची. वेल मात्र मांडव ओलांडून गच्चीवर चढला.

बाबांनी खिडकीतून बघितलं. "येल माजलाय, पोरी. उपाशी ठेव त्याला जरा."

मी ऐकलं नाही. घरात एक माणूस जेवत नव्हतं. त्यात आणखी कुणाला उपाशी ठेवणं, खरं सांगायचं तर, मला जमलं नाही. कडधान्याची मुळं नत्र स्वतःच मिळवतात, वरून जास्त दिला तर नुसता पाला वाढतो, हे मी पहिल्याच वर्षी परीक्षेत लिहून आले होते. पेंडीतही नत्रच असतो, हे मात्र तेव्हा डोक्यात आलं नाही.

थंडी पडली तरी फूल नाही. "फुलं आली का गं?" बाबा रोज विचारायचे. एक दिवस मी "आली" म्हणाले. का म्हणाले, कोण जाणे. मग पुढे आमटी करणंही आलं. मी बाजारातून शिम आणली, आईने दाणे सोलून आमटी केली. बाबांनी एक घास घेतला.

"कशी झालीय?" मी विचारलं.

"झ्याक. कॉलेजचा पावटा हाय हा!"

मी हसत पाणी आणायला गेले. परत आले तर बाबा तो घास रुमालात काढून आईच्या हातात देत होते.

"बाजारातलंच हाय," ते तिला हळूच म्हणाले. "पोरीला सांगू नगंस."

मी तांब्या घेऊन दारातच उभी राहिले. त्या दिवसानंतर त्यांनी फुलांचं विचारलं नाही. काही खावंसं वाटतं, असंही पुन्हा कधी म्हणाले नाहीत.