उत्तर येणाऱ्याने मारायचं

गणिताचे सर स्वतः फारसे मारत नसत. ते काम त्यांनी आमच्याकडे दिलं होतं. फळ्यावर उदाहरण घालायचं, पहिल्या बाकापासून एकेकाला उत्तर विचारायचं. नाही आलं की त्याने उभं राहायचं. असे सात-आठ जण उभे राहिले की कुणाला तरी उत्तर यायचं. ज्याला आलं त्याने उठून उभ्या असलेल्या सगळ्यांच्या ओळीने थोबाडीत मारायची. हळू मारली तर सर चष्मा काढून टेबलावर ठेवत, आणि मारतात कसं ते मारणाऱ्याच्याच गालावर दाखवत. मला ते एकदाच दाखवावं लागलं.

आमची मुलांची शाळा. बहुतेक वेळा उत्तर मला यायचं. नववी-दहावी मिळून वर्गातल्या जवळजवळ प्रत्येकाला मी मारलेलं आहे. कुणाच्या गालाचं हाड हाताला लागतं, कोण आधीच डोळे मिटतो, कोण मारल्यावर हसतो, सगळं पाठ होतं. मधल्या सुट्टीत त्याची परतफेड व्हायची. एकदा माझं डोकं पाण्याच्या नळावर आपटलं, एकदा सायकलच्या चेनने पोटऱ्या फोडल्या. घरी सांगायची सोय नव्हती. वडील पिंपरीला कारखान्यात होते. तिथे परदेशी मशीनं येऊन बसली होती आणि जुन्या माणसांना पेढा देऊन 'स्वेच्छेने' घरी पाठवणं सुरू झालं होतं. वडील घरी यायचे तेच भेदरलेले, आणि भेदरलेला माणूस फार मारतो. पहिला नंबर गेला की कमरेचा पट्टा निघायचा. "पुढे सगळं कॉम्प्युटरवर चालणार आहे. मागे राहिलास तर मेलास," असं ते प्रत्येक फटक्याबरोबर तुकड्या-तुकड्याने सांगत.

माझ्या बाकावर कसबा पेठेतला एक मुलगा बसायचा. तांबट आळीतला. त्याचे वडील तांब्याचे बंब आणि घंगाळी घडवायचे. पुढे ऐरण, मागे घर. ठोके सुरू असले की त्यांच्याकडे माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलत. दोन वर्षांत या मुलाने तोंडी एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. सरांनी विचारलं की तो उभा. लेखी परीक्षेत मात्र त्याला बरे मार्क पडत. सर म्हणत, "स्कॉलरशेजारी बसल्यावर दगडसुद्धा पास होईल." वर्ग हसायचा. तोही हसायचा. माझ्या बाकावरचा म्हणून मी त्याला जरा हळू मारायचो, सरांना कळणार नाही इतपत.

दहावीतली गोष्ट. दिवाळीची सुट्टी तोंडावर होती. वर्गसमीकरणाचं एक शाब्दिक उदाहरण अकरा जणांना आलं नाही. मलाही लवकर येईना. सर म्हणाले, "आज स्कॉलरला घाम फुटला." मी दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा आलं. उठलो आणि मारत निघालो. दहा झाले. शेवटचा माझ्याच बाकावरचा.

त्याची कच्ची वही उघडी होती. त्यात तेच उदाहरण. मला अर्धं पान लागलं होतं, त्याने चार ओळींत सोडवलं होतं. खाली उत्तर, उत्तराखाली दोन रेघा. मी बघतोय म्हटल्यावर त्याने वहीवर तळहात ठेवला. आणि हळूच म्हणाला, "मार ना. सर बघतायत."

त्या क्षणी मला दोन वर्षं कळली. त्याला येत होतं. पहिल्यापासून येत होतं. उत्तर दिलं तर मारावं लागेल म्हणून तो रोज मार खात होता.

मला लाज वाटायला हवी होती. मला राग आला. ज्या पहिल्या नंबरासाठी मी पट्टा खात होतो तो याने नुसता सोडून दिला होता. मी उजवा हात मागे नेला आणि बोटांनी नाही, मनगटाजवळच्या तळव्याने, खांद्याचा जोर लावून, त्याच्या डाव्या कानावर मारली. नेम धरून. गाल समोर होता, मी कान निवडला. तो बाकाच्या कडेवर पडला. ओठ फाटला. उठला तेव्हा कानातून बारीक रक्त येऊन कॉलरमध्ये उतरत होतं.

सर म्हणाले, "हं. याला म्हणतात वाजवणं."

मागून कुणीतरी शिट्टी मारली.

सुट्टीत त्याचा कान वाहिला. शाळा उघडली तेव्हा कानात कापूस होता. महिनाभराने मी त्याच्याकडे गेलो तर घर गप्प. ऐरण नव्हती. त्याच्या आईने बेसनाचा लाडू दिला. त्याचे वडील भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "डॉक्टर म्हणाले, पडदा फाटलाय. जन्मापासून पोराच्या कानावर घण घालत होतो मी, दुसरं काय व्हायचं? दुसरा कान तरी राहू दे. विकून टाकलं सगळं." ते मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यावर पोती उचलायला जायला लागले होते.

मुलगा दारात उभा राहून माझ्याकडे बघत होता. मी लाडू संपवला. पाणी प्यायलो. "येतो काका," म्हणालो.

फेब्रुवारीत निरोप समारंभ झाला. हॉलमध्ये एकेकाने पुढे येऊन आठवणी सांगायच्या होत्या. सगळ्यांनी माराच्याच सांगितल्या. कुणाला किती बसल्या, कुणाची चड्डी ओली झाली. हसून हसून पोरं लोळत होती. त्याची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "मला आता सर एकाच बाजूने ऐकू येतात. त्रास निम्मा झालाय." सर्वांत मोठा हशा त्याला मिळाला. टाळ्या मीही वाजवल्या.

त्यानंतर मी वडील म्हणाले तसंच केलं. इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर, हिंजवडी. आता पन्नाशी दिसू लागली आहे. माझ्या हाताखाली पन्नास माणसं आहेत. दर वर्षी त्यांच्यातल्या शेवटच्या काहींना काचेच्या खोलीत बोलावून घरी पाठवायचं काम माझ्याकडे असतं. मी ते चांगलं करतो. आवाज चढवत नाही.

गेल्या वर्षी बॅचचं संमेलन ठरलं. वाघोलीच्या पुढे एक लॉन घेतलं होतं. सरांना गाडी पाठवून आणलं, शाल-श्रीफळ दिलं. ऐंशीच्या पुढचे, ते आटले होते की खुर्ची मोठी होती, कोण जाणे. मग आमचा सूत्रसंचालक माईकवर ओरडला, "आता खास आयटम! उत्तर न आलेले उभे राहा रे! स्कॉलर, वर ये!"

पोटं सुटलेले, केस गेलेले बाप्ये हसत हसत ओळीत उभे राहिले. मोबाईल वर झाले.

"हळू हां, बीपीची गोळी चालू आहे."

"याला दोन मार, याने अजून माझी कंपासपेटी दिली नाहीये."

"सर, बघा हां, नीट मारतोय का!"

सर हसले. मी एकाच्या मारली. दुसऱ्याच्या मारली. खोटीच, पण हात पडताना आवाज यावा म्हणून मी तळवा जरा खोलगट केला, आणि माझ्या लक्षात आलं की हाताला सगळं आठवतंय. तिसऱ्याच्या मारली. चौथा तो होता. डाव्या कानामागे ऐकायचं मशीन. ते पडू नये म्हणून त्याने कानावर तळहात ठेवला आणि गाल पुढे केला.

माझा हात वर गेला नाही. सूत्रसंचालकाच्या हातातून माईक घेतला आणि बोललो. वहीचं. चार ओळींचं. गाल सोडून कान निवडल्याचं. किती वेळ बोललो माहीत नाही. मोबाईल हळूहळू खाली आले.

"अरे, सेंटी काय होतोस यार," कुणीतरी म्हणालं. "पोरं होतो आपण. चला, मसालेभात गार होतोय."

सरांनी मला बोटाने जवळ बोलावलं. वाकलो. म्हणाले, "कोणतं उदाहरण होतं ते?"

हात धुवायच्या नळापाशी तो माझ्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिला, म्हणजे त्याचा चांगला कान माझ्याकडे होईल.

"वही तू बघितलीस ते मला तेव्हाच कळलं होतं," तो म्हणाला. "हे सगळं माईकवर कशाला? मला नवीन काय सांगितलंस?"

"तू घरी का नाही बोललास?"

"बाबा शाळेत येऊन सरांचं डोकं फोडतील, या भीतीने गप्प बसलो. मग ऐरण विकली, तेव्हा तू घरी आलास. म्हटलं, आता हा सांगेल. तू लाडू खाल्लास." त्याने हात झटकले. "नंतर मी सांगितलं त्यांना. म्हणाले, माझ्या समाधानासाठी खोटं बोलतोस. अजून तेच धरून बसलेत. रोज. उद्या सकाळी ये. आणि मोठ्याने बोलावं लागेल. त्यांनाही आता ऐकू येत नाही."

सकाळी दहाला मी कसबा पेठेत होतो. काका पलंगावर बसले होते. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं.

"काय?"

पुन्हा सांगितलं.

"मोठ्यानं बोल रे, तोंडात काय धरलंयस?"

मग मी ओरडलो. आयुष्यात कुणावर ओरडलो नव्हतो तेवढा. "काका, ठोक्यांनी नाही! तुमच्या ठोक्यांनी नाही! मी मारलं त्याला! मी कान फोडला!" समोरचा दुकानदार पायरीवर येऊन उभा राहिला.

काकांनी मुलाकडे बघितलं. त्याने मान हलवली. ते मला म्हणाले, "कशानं?"

"हातानं."

त्यांनी माझा उजवा हात घेतला, पत्रा तपासावा तसा उलटसुलट केला आणि सोडला. "पोती उचलली मी," म्हणाले. "पंचवीस वर्षं कांद्याची पोती उचलली."

मी मार खायला तयार होतो. खरं तर वाटच बघत होतो. ते भिंत धरून उठले आणि पलंगाखालून फडक्यात गुंडाळलेली हातोडी काढली. क्षणभर वाटलं, माझ्यासाठीच. त्यांनी कोपऱ्यातलं घंगाळ ओढलं, दगडी उंबऱ्यावर पालथं घातलं आणि मारायला सुरुवात केली. ठोका ओळीत पडत नव्हता. मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, तोंडातून लाळ येत होती, आणि ते मारत होते. तांबं आत गेलं, मग फाटलं, फाटलेल्या कडेने त्यांचं मनगट कापलं. तरी मारत होते. मी त्यांना धरायला उठलो.

त्याने कानातलं मशीन काढून खिशात टाकलं होतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्याने मला खाली बसवलं.

"बस," तो म्हणाला. "त्यांचं होईपर्यंत उठायचं नाही."