बुरूज ठेवा, बाई काढा

काकांनी लाल बॉलपेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "सेन्सॉरवर पीएचडी तुमची. कापायचं कसं ते मी काय सांगणार?"

हॉलच्या स्वयंपाकघरात सगळे हसले. ताटात चकल्या लावणाऱ्या काकूसुद्धा हसल्या. मी पेन धरून उभी. माझ्याच गोष्टीवर चालवायला दिलेलं पेन.

हॅनोव्हरमधल्या मराठी मंडळाची दिवाळी होती. थोड्याच वेळापूर्वी त्याच हॉलमध्ये माझं व्याख्यान झालं होतं. नाझी काळात ऐतिहासिक कादंबऱ्या कशा तपासल्या जात, हा माझा संशोधनाचा विषय. मी सांगितलं, तपासणारे कोणी राक्षस नव्हते. शिक्षक होते, ग्रंथपाल होते. शेरे गोड लिहायचे. आधी भाषेचं कौतुक. मग हळूच, राजा दुबळा दिसतो, वाचकाला अभिमान वाटत नाही, अमुक प्रकरण गाळावं. हे घडलंच नाही, असं फारसं म्हणतच नसत. खरं-खोटं हा त्यांचा प्रश्नच नव्हता. आणि पुष्कळ लेखक मुकाट्याने गाळायचे. 

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात काकांच्या. काका म्हणजे इथे जन्म काढलेले इंजिनिअर, मंडळाचे सर्वेसर्वा. मला म्हणाले, "भयंकर हो! लाज कशी वाटत नाही असल्या लोकांना?"

त्यानंतर मुलांनी केलेल्या मातीच्या किल्ल्याचं उद्घाटन होतं. किल्ल्यापुढे बसून मी लिहिलेली गोष्ट मीच सांगायची होती. मुलांसमोर जे जाणार ते काका आधी वाचणार, ही मंडळाची पद्धत. त्यांनी वाचली.

गोष्ट आमच्या घरातली. माझ्या आईचं माहेर एका किल्ल्याच्या पायथ्याशी, गावकुसाबाहेर. बुरूज सारखा ढासळायचा, म्हणून त्याच्या पायात आमच्यातली एक बाई जिवंत पुरली, असं आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या सांगतात. तिचं नाव कुणालाच माहीत नाही. आम्ही तिला बुरुजातली आत्या म्हणतो. घरात लग्न ठरलं की पहिली हळद त्या बुरुजाच्या दगडाला. मग नवरीला.

"आल्झो, तर मग," काका म्हणाले, "भाषा फार सुंदर आहे तुमची. फक्त बुरूज ठेवा, बाई काढा."

"का?"

"इथे वाढणारी मुलं आहेत. त्यांना अभिमान वाटेल असं काही द्यायला हवं ना? तुमच्या लोकांना जिथे तिथे तेच दिसतं. ते रडगाणं तुमच्या कार्यक्रमांत गा."

आणि मग ते पेन.

मला किळस आली. अंगावरून पाल गेल्यासारखी. काका नाझी नाहीत. ते कुणाला तुरुंगात घालणार नाहीत, उलट घरी बोलावून आग्रहाने पुरणपोळी वाढतील. पण शेरा तोच. आधी भाषेचं कौतुक, मग अभिमान, मग सुरी. त्यांच्या टाळ्यांचा आवाज अजून माझ्या कानांत होता. मी पुष्कळ गिळलंय आजवर. कॉलेजात एक सर म्हणाले होते, "छान लिहितेस, त्यांच्यातली वाटत नाहीस." तेव्हा मी थँक यू म्हणाले होते. थू!

पेन मी चकल्यांच्या ताटाशेजारी ठेवलं.

"काका, ती निघणार नाही."

"मग आज तुमची गोष्ट राहू दे."

मी बाहेर आले. माइक मागितला नाही. किल्ल्यापुढे मुलं मातीचे हात घेऊन बसली होती. त्यांच्यात मांडी घालून बसले आणि सांगायला लागले. काकू धावत आल्या. "मुलांनो, चला चला, फराळ!" निम्मी उठली. उरलेल्यांनी ऐकलं. गोष्ट संपली तेव्हा एका मुलीने मातीच्या बुरुजावर बोट ठेवलं आणि विचारलं, "इस्ट झी नॉख डा ड्रिन?" ती अजून आत आहे का?

"हो," मी म्हणाले. "आहे."

मागे काका उभे होते. मी वळून पाहिलं नाही.

पुढच्या दिवाळीला मंडळ मला बोलावणार नाही, ठाऊक आहे. नाही बोलावलं तरी जाणार. मुलं किल्ला बांधतील आणि मी आत्या सांगेन. तिला काढायचीच असेल, तर काकांना बुरूज पाडावा लागेल.