चोरचोळी

बाईला दिवस गेल्याचं तिच्या घरात कळायच्या आधी तिचे ब्लाउज शिवणारीला कळतं. पडेगावात रस्त्याला लागून असलेल्या खोलीत मशीन टाकून मी गेली कित्येक वर्षं हेच काम करते, तेव्हा या बाबतीत मला कुणी शिकवायला येऊ नये. दिवाळीत नीट बसलेला ब्लाउज घेऊन एखादी संक्रांतीला येते, "काखेत कचतोय, जरा सैल करून दे," म्हणते आणि वर "जाड झाले बाई मी," असं आपणहून सांगते. मी "हो ना, सुटलीस खरी," म्हणते आणि शिलाई उसवायला घेते. पोट दिसायला अजून अवकाश असतो, पण छाती भरायला लागलेली असते. आत काही तरी ठरलेलं असतं आणि अंग आपल्या परीनं तयारीला लागलेलं असतं.

चार वर्षांपूर्वी माझाच ब्लाउज मला काखेत कचला.

लग्नाला तेव्हा तीन वर्षं होऊन गेली होती. माझी पाळी कायम मागंपुढं व्हायची, त्यामुळे ती चुकल्याचं मी मनावर घेतलं नव्हतं. पण टेप काही कुणाची भीड धरत नाही. दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच सोडून तो ब्लाउज सैल केला आणि मग मेडिकलमधून तपासायची पट्टी आणली. दोन रेघा उमटल्या. नवरा वाळूजच्या कंपनीत जायला निघाला होता, हेल्मेट डोक्यावर चढवलेलं. मी सांगितल्यावर त्यानं ते काढलं, पुन्हा घातलं आणि "मग मी जाऊ का?" असं मलाच विचारलं. आनंद झाला की हा माणूस असाच वेंधळ्यासारखा करतो.

सासूला सांगितलं. माझ्या सासरची माणसं पिढ्यान् पिढ्या मेंढरांमागं हिंडलेली. सासरे गेल्यावर कळप मोडला, आता घरामागं दहा-बारा मेंढ्या उरल्या आहेत. पण कुणाची मेंढी अडली की आजूबाजूचे लोक अजून माझ्या सासूलाच हाक मारतात. मी माझ्या डोळ्यांनी तिला कोपरापर्यंत हात घालून आत दुमडलेला कोकराचा पाय सरळ करताना पाहिलंय. तिनं माझ्याकडं एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तिसरा लागस्तोवर तोंड उघडायचं नाय," ती म्हणाली. "तुझ्या आईला तेवढं कळव. चोरचोळी झाली की मंग सांगू समद्यास्नी."

पहिलटकरणीला तिसऱ्या महिन्यात आई हिरवी चोळी देते, ती चोरचोळी. बोलावणं नाही, वाजंत्री नाही, शेजारणीलाही पत्ता नाही. मायलेकींनी गुपचूप उरकायचा हा कार्यक्रम. ती चोळी अंगावर चढेपर्यंत बातमी फुटू द्यायची नसते, नजर लागते म्हणतात. माझं माहेर पैठणचं. आईनं फोनवर एकच विचारलं, खणाला काठ कसले हवेत. मी म्हटलं, काठांचं काय घेऊन बसलीस. मग आम्ही दोघीही जरा वेळ नुसत्याच फोन धरून हसत होतो.

तिसरा लागला आणि पैठणला जायचा दिवस ठरला. त्याच्या आदल्या दिवसापासून मला डावीकडं, खाली ओटीपोटात दुखायला लागलं. थोडा डागही लागला. दवाखान्यात जावं, तर पडेगावच्या डॉक्टरकडं बाकावर बसलं की संध्याकाळपर्यंत गल्लीला खबर. मी सासूला विचारलं.

"एकाच अंगाला दुखायलंय ना?" ती म्हणाली. "मंग भिऊ नगं. मेंढीच्या पिशवीला दोन शिंगं असत्यात. पिल्लू ज्या शिंगात बसतं, त्या अंगाला ओढ लागतीच. म्या काय थोड्या मेंढ्या पाहिल्यात व्हय?"

मी विश्वास ठेवला. का ठेवू नये? तिच्या हातून कितीतरी जीव सुखरूप बाहेर आलेले मी पाहिले होते. आणि खरं सांगायचं तर मला ते चित्रही आवडलं. पोटात डावीकडच्या शिंगात अंग मुडपून बसलेलं काही तरी. मी त्या बाजूवर हात ठेवून झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी बसस्टँडवर पैठणच्या गाडीची वाट बघत होतो. तिथं नेमकी माझी चुलत सासू भेटली. शहागंजाच्या बाजारातून काही खरेदी करून ती घरी निघाली होती. "कुठं चाललात सासू-सुना?" या तिच्या प्रश्नाला सासू काही तरी गुळमुळीत उत्तर देत होती, तेवढ्यात माझा खांदा दुखायला लागला. पोट नव्हे, खांदा. कुणी तरी आतून सुरी फिरवावी तसा. डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी फलाटावरच बसले. पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. सासूची मांडी. "पित्त झालंय तिला, पित्त," असं ती लोकांना सांगतेय. मग रिक्षा, तिच्यात चुलत सासूही.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण आली. तिनं माझ्या डोळ्यांखालची कातडी ओढून पाहिली आणि विचारलं, "पाळी चुकली आहे का?"

चुलत सासू तिथंच उभी होती. माझ्या सासूनं तिच्याकडं पाहिलं आणि पटकन म्हणाली, "नाय, नाय. तसलं काय बी नाय."

डॉक्टरीण खाली वाकली. "बाई, तुम्ही सांगा."

मी मान हलवली. चुलत सासूला दिसणार नाही, इतकीच हलवली. डॉक्टरणीला तेवढं पुरलं. मला लगेच आत नेलं.

शुद्ध आली तेव्हा पोटावर टाके होते आणि सासू पायाशी बसली होती. डॉक्टरीण आली तेव्हा सासूनं तिला विचारलं, अगदी गंभीरपणे, भांडण्यासाठी नव्हे, तर समजून घ्यायला. "मेंढीचं पिल्लू शिंगातच वाढतंय की. मंग बाईचं का नाय वाढलं?"

ती पोरगी हसली नाही, याबद्दल मी अजून तिची उपकृत आहे. तिनं हात पसरले. "मावशी, बाईच्या पिशवीला शिंगं नसतात. हे माझं धड म्हणजे पिशवी समजा. हे दोन हात म्हणजे दोन बारीक नळ्या. बोटं म्हणजे टोकाची झालर. झालरीपाशी बदामाएवढं एकेक अंडाशय असतं. महिन्याला एक अंडं सुटतं आणि ही झालर त्याला आत ओढून घेते. पुरुषाचं बीज पिशवीतून वर चढत येतं आणि त्या दोघांची गाठ पडते ती पिशवीत नाही, इथं." तिनं आपल्या मनगटाच्या जरा अलीकडं बोट ठेवलं. "तुमची-माझी, सगळ्यांचीच सुरुवात नळीत झालेली असते. मग नळीतली बारीक लव त्याला हळूहळू ढकलत पिशवीत नेते. पिशवीत त्याच्यासाठी गादी तयार असते. पण नळी कुठं आखडलेली असली, कधी आत सूज येऊन गेली असली, तर ते वाटेतच अडकतं. आणि जिथं अडकतं तिथंच रुजतं."

"मंग?"

"मग वाढतं. नळी किती ताणणार? फुटली. पोटात रक्त साचलं. ते वर छातीखालच्या पडद्यापर्यंत गेलं की खांदा दुखतो. डावी नळी काढावी लागली. उजवी आहे."

सासूनं आपल्या हातांकडं बघितलं. मग म्हणाली, "ते कुठं हाये? मला द्या. मेलेलं कोकरू बी आम्ही उघड्यावर टाकत नाय. पुरतो."

"तपासणीला गेलं, मावशी. नळीसकट."

सासू उठून बाहेर गेली. दारापाशी थांबलेल्या चुलत सासूला ती सांगत असलेलं मला खाटेवर ऐकू आलं. "अपेंडिस व्हतं. काढलं. बरी हाये आता."

दुपारी आई पैठणहून आली. सकाळपासून ती आमच्या गाडीची वाट बघत बसली होती, निरोप मिळाल्यावर तशीच निघाली. तिच्या कापडी पिशवीत तो खण होता. काढून घरी ठेवावा हेही तिला सुचलं नव्हतं. ती माझ्या केसांवरून हात फिरवत होती आणि पिशवी पायानं खाटेखाली सरकवायला बघत होती, मला दिसू नये म्हणून. मला दिसली. हिरवा खण आणि त्याला पिवळे काठ. जाताना आई म्हणाली, "दुसऱ्या कुणाला देता येत नाही गं तो. तुझ्याच नावाचा आहे." मी तो घरी नेऊन पेटीत तळाला ठेवला.

आणि मग मला अपेंडिक्स झालं. म्हणजे गल्लीनं तसं मान्य केलं. भेटायला आलेल्या एकीनं सांगितलं की तिच्या भाच्यानं अपेंडिक्स काढून आठवड्यात क्रिकेट खेळायला सुरुवात केली, तर तू एवढं काय तोंड पाडून बसलीस? दुसरीनं डाळिंबं आणली आणि ब्लाउज कधी मिळेल ते विचारलं. मी डाळिंबं खाल्ली. ज्याची बातमीच कुणाला नव्हती, त्याचं सुतक कोण पाळणार? जे आल्याचं सांगितलं नाही, ते गेल्याचं कोणत्या तोंडानं सांगायचं? नवरा कामावरून आला की माझ्याशेजारी बसून मोबाइल बघायचा, आणि मोबाइल बंद पडलेला असायचा.

सासूचा मला राग आला होता. भयंकर राग. मेंढीच्या ज्ञानाचा नाही, ते खरं होतं, मेंढीपुरतं. राग त्या अपेंडिक्सचा होता. तिनं माझं मूल दोनदा नाहीसं केलं, असं मला वाटायचं. आम्ही एका घरात राहून भाजी काय करायची आणि मेंढ्यांना पाला आहे का, एवढंच बोलत होतो.

उजवी नळी आहे, असं डॉक्टरीण म्हणाली होती. आहे. तिच्या भरवशावर आम्ही आणखी तपासण्या केल्या, गोळ्या घेतल्या. अजून काही झालेलं नाही.

यंदाच्या हिवाळ्यात चुलत सासूच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. तिचा हिरवा ब्लाउज मीच शिवला होता, शिलाईत माया, म्हणजे आत दुमडलेलं कापड, जरा जास्त ठेवून, पुढच्या महिन्यांची सोय म्हणून. मांडवात सुवासिनी एकेक करून ओटी भरत होत्या. माझा नंबर आला, मी ताट उचललं, तर चुलत सासूनं ते अलगद माझ्या हातातून काढून घेतलं.

"तू राहू दे गं," ती गोड आवाजात म्हणाली. "तू पंगतीचं बघ. तुझी अजून कूस उजवली नाय ना, म्हून म्हणते. मनाला लावून घेऊ नगं."

माझ्या हातचा ब्लाउज चालत होता, ओटी चालत नव्हती. मी वळले. मला सवय होती.

सासू विधवा, त्यामुळं ती तर कधीची मागं भिंतीला टेकून बसलेली. ती तिथून उठली.

"उजवली व्हती," ती म्हणाली.

सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या.

"तिला अपेंडिस झालंच नव्हतं. पोटात लेकरू व्हतं. नळीत राह्यलं. तिनं मला सांगितलं, दुखायलंय. म्या म्हणाले, एकाच अंगाला हाये, दुखू दे. म्या मेंढीवरनं बाई जोखली." ती सगळ्या बायकांकडं वळली. "माझं नातवंड गेलं. आन म्या समद्यास्नी अपेंडिस सांगत फिरले. चार वर्सं झाली, तिला धड रडू बी दिलं नाय. तिला वांझ म्हणू नगा."

मला वाटलं होतं, आता तरी चुलत सासू ते ताट परत माझ्या हातात देईल. तिनं ते छातीशी आणखी घट्ट धरलं. जिच्या पोटातलं मूल गेलं, ती बाई तर ओटी भरायला तिला वांझेहूनही नको होती. तिच्या सुनेनं माझ्याकडं पाहिलं आणि डोळे पुसत मान खाली घातली.

सासूनं माझा दंड धरला आणि आम्ही न जेवता निघालो. रस्त्यानं मी रडत होते, भर दुपारी, दौलताबादकडं जाणाऱ्या गाड्यांच्या आवाजात, तोंडावर पदरही न घेता. ती माझ्याशेजारून चालत होती आणि मला उगी म्हणत नव्हती. चार वर्षांत तिनं माझ्यासाठी केलेली सगळ्यात मोठी गोष्ट तीच होती.

घरी आल्यावर ती म्हणाली, "तुझ्या आईचा खण कुठं हाये?"

"पेटीत."

"शिव तो."

मी खण काढला. घड्या पडलेल्या ठिकाणी रंग जरा उतरला होता. इतक्या बायकांच्या चोळ्या शिवल्या, पण या कापडाला कात्री लावताना हात आखडला. टेप गळ्यात होता, तो मी वापरला नाही. माप मला पाठ होतं. दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच सोडलेलं, त्या महिन्याचं.

संध्याकाळी चोळी घालून मी सासूपुढं उभी राहिले. छातीवर ती सैल होत होती, काखेत झोळ पडला होता. सासूनं जवळ येऊन बोटांनी तो झोळ धरून बघितला.

"ढिली झाली का गं?"

"नाय, आत्याबाई," मी म्हटलं. "बराबर हाये."