वहिनीचं बोडकं मैदान

आमच्या घरात सगळ्यात पक्का नेम वहिनीचा आहे, हे मी आता कुठेही सांगतो. पूर्वी त्याला 'माझ्यानंतर' असं शेपूट जोडायचो. ते तिनं बरेच दिवस ऐकून घेतलं. मग एका संध्याकाळी, कपडे इस्त्री करायचे राहिलेत तेव्हा पटकन आटपू या, असं म्हणत तिनं मला ओळीनं इतक्या वेळा मारलं की ते शेपूट मी आपल्या हातानं कापून टाकलं. मारलं म्हणजे कॉम्प्युटरवर. एरवी ती मला फक्त बोलते, आणि ते जास्त लागतं.

वहिनी चष्म्याच्या दुकानात काम करते. काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या आणि उजेडासमोर धरून ओरखडा शोधायचा, हे तिचं दिवसभराचं काम. घरी आली की हात धुते, अंगठी काढून की-बोर्डच्या मागे ठेवते, केस वर बांधते आणि हेडफोन लावते. त्यानंतर जेवणाची हाक येईपर्यंत ती आमची नसते. हाक आली की मात्र, खेळ कितीही रंगात असो, "एवढा डाव संपवून आले" म्हणते, आणि खरंच येते. हेच वाक्य मी म्हटलं की आई माझं ताट झाकून ठेवते.

खेळ सांगायला सोपा आहे. पाच जणांचा एक संघ, पाच जणांचा दुसरा, आणि मध्ये एक ओस पडलेलं गाव. समोरच्यांना शोधायचं आणि टिपायचं. शेवटी ज्यांचा माणूस उभा, त्यांचा डाव. वहिनीच्या संघाचा कप्तान दुसऱ्या कुठल्याशा गावी बँकेत कॅशियर आहे. त्याचं तोंड आम्ही कुणी पाहिलेलं नाही, पण आवाज घरातलाच झालाय. तो वहिनीला 'ताई' म्हणतो. बाकीच्यांना जे म्हणतो ते लिहिण्याजोगं नाही.

कॉम्प्युटर दादाच्या फोटो स्टुडिओतून निवृत्त होऊन घरी आलेला. मी या बाबतीत हावरट माणूस. बाजारात काही नवीन आलं की मला आमचं जुनं दुखायला लागतं. वहिनीचं उलट. "काय अडतंय ते आधी सांगा भाऊजी," ती विचारते. "नंबर तोच आणि दर वर्षी चष्मा नवा, अशी गिऱ्हाइकं आमच्याकडेही येतात. त्यांना दिसत सगळं असतं. फक्त आरशासमोर भागत नाही." तरी अडलं तेव्हा तिनं बदल केलेच. कॉम्प्युटर अडखळायला लागला तेव्हा मेमरी वाढवली. खेळ उघडेपर्यंत भात शिजायला लागला तेव्हा डिस्क बदलली. बाकी वेळी दुकानातल्या मऊ ब्रशनं पंख्याची धूळ काढायची, की झालं.

ग्राफिक्स कार्ड मात्र जुनंच होतं. त्याच्या जिवाला झेपावं म्हणून चित्राच्या सगळ्या सेटिंग तिनं तळाला नेऊन ठेवलेल्या. गवत नाही, सावल्या नाहीत, ढग नाहीत. झाड म्हणजे खांबावर ठेवलेली हिरवी उशी. दादाला ते बघवायचं नाही. आम्ही दोघे भाऊ एकाच शाळेतले. तिथे कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून, हात मागे बांधून जायचं आणि लांबूनच बघायचं असा नियम होता. दादा अजूनही वहिनीच्या खुर्चीमागे हात तसेच बांधून उभा राहतो.

"हे काय बोडकं मैदान," तो म्हणायचा. "असा फोटो मी काढला तर गिऱ्हाईक तोंडावर मारून जाईल."

"मग तुम्ही नका काढू," वहिनी म्हणायची.

पुढे वहिनीच्या संघाला मोठ्या स्पर्धेत खेळायची संधी आली. दादानं आम्हाला कुणाला न सांगता नवीन कार्ड आणलं. डबा बघून आईला वाटलं मिक्सर आला. आम्ही दोघांनी मिळून ते बसवलं आणि दादानं प्रत्येक सेटिंग वरच्या टोकाला नेली. मग गाव उजाडलं. गवत कमरेइतकं, त्यावरून वारा चाललाय, भिंतींवर ओल, खिडक्यांच्या काचांत संध्याकाळ. आईनं आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढली.

"गाव छान आहे गं," ती म्हणाली. "इथली घरं कुणी विकत नाही का?"

"सुंदर आहे हो," वहिनी दादाला म्हणाली, आणि तिला ते मनापासून वाटत होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती हरायला लागली.

हरायला म्हणजे, डावात सगळ्यात आधी तीच टिपली जायची. कुणाला काही कळेना. मी म्हटलं माऊस बदलू. आईनं खुर्चीला उशी दिली. दादाला वाटलं चित्र अजून पुरेसं स्वच्छ नाही, म्हणून त्यानं शोधून शोधून आणखी एक सेटिंग वर केली. त्यानं काय झालं, तर चिखल चकाकायला लागला. कॅशियरनं आधी "ताई, झोप होते ना?" असं विचारून पाहिलं. मग एके दिवशी सरळ सांगितलं की आणखी एक चांगला गडी रांगेत आहे. रविवारच्या सामन्यात पाहू, नाहीतर स्पर्धेला ताईंच्या जागी तो. त्या रात्री जेवताना भाजीत मीठ नव्हतं, ते वहिनीला कळलंही नाही.

शनिवारी मी कामावरून लवकर आलो. दादा स्टुडिओत होता. वहिनी खेळत होती आणि पडद्यावर तेच जुनं बोडकं मैदान.

"भाऊजी, दार लावून घ्या," ती म्हणाली. चोरून साखर खाताना पकडल्यासारखा चेहरा.

"कार्ड गेलं की काय?"

"कार्ड ठणठणीत आहे. गवत मी काढलंय. ते घरी नसले की रोज काढते, यायच्या आत परत लावते." तिनं डाव थांबवला. "अहो, त्या गवतात माणूस दडतो. आणि वारा सुटला की सगळंच हलतं. माझे डोळे हललं की तिकडे जातात, ती सवयच लागलीय. आधी त्या गावात फक्त माणूस हलायचा."

"मग दादाला सांग ना तसं."

"काय सांगू? तुम्ही एवढ्या हौसेनं आणलेलं मला नको? रोज मागे येऊन उभे राहतात ते. माझा खेळ बघायला नाही हो, ढग बघायला."

"म्हणजे एवढं कार्ड वायाच."

"कोण म्हणतं?" तिनं माऊस झर्रकन फिरवला. जुन्या कार्डावर असं केलं की चित्राला उचकी लागायची. आता अख्खं गाव तेलावरून घसरावं तसं वळलं आणि हवं तिथे थांबलं. "गवताचं ओझं उतरवलं की हे कार्ड नुसतं पळतं. असं मला कधी मिळालं नव्हतं."

"हे तरी त्याला सांग."

"उद्या सांगते," असं म्हणून तिनं सगळं गवत पुन्हा लावलं. दादाच्या चपलांचा आवाज जिन्यात आला होता.

रविवारी दादानं फ्रेमवाल्याला बोलावलं. हा दादाच्या फोटोंना फ्रेम करून देतो आणि सोबत फुकट मतंही देतो. पाहुण्याला ऐकू यावं म्हणून दादानं आवाज स्पीकरवर घेतला. "बघ आता ढग कसे दिसतात," असं म्हणून तो हात मागे बांधून उभा राहिला.

पहिल्या डावात वहिनी गवतात शिरली आणि गवतातच राहिली. दुसऱ्यात तिला कुणी मारलं ते तिलाही दिसलं नाही. फ्रेमवाला म्हणाला, "वा, काय उजेड पडलाय," आणि नेमक्या त्याच वेळी स्पीकरमधून कॅशियर बोलला, "ताई, पुढच्या डावाला मी दुसऱ्याला बसवतो. वाईट वाटून घेऊ नका."

खोलीत सगळ्यांनी ऐकलं. आई माझ्याकडे बघायला लागली, जणू स्पीकर मी लावला होता.

"दोन मिनिटं द्या मला," वहिनी कॅशियरला म्हणाली. मग खुर्ची वळवून दादाकडे तोंड केलं. "अहो, मी गवत काढतेय. सावल्या आणि ढगसुद्धा."

"का?"

"मला माणसं दिसत नाहीत."

दादाचे मागे बांधलेले हात तेवढे सुटले. वहिनीनं एकेक सेटिंग खाली आणली. ढग गेले, खिडक्यांतली संध्याकाळ गेली, गवत पुसलं गेलं.

"कार्ड बिघडलं वाटतं," फ्रेमवाला म्हणाला. "पावती आहे ना?"

डाव सुरू झाला. वहिनी भिंतीआडून भिंतीआड सरकत होती आणि गाव तिच्या हाताखाली वितळल्यासारखं फिरत होतं. लांब, दोन पडक्या घरांच्या फटीत टाचणीच्या डोक्याएवढं काहीतरी हललं. मला ते हललेलं कळलं ते वहिनीनं टिपल्यावर. लगेच दुसरा जिन्यावर. तिसरा तिच्या पाठीमागून आला, तिनं गिरकी घेतली आणि तो बिचारा आपण पाठीमागून आलोय या समजुतीतच पडला. स्पीकरमधून कॅशियर कुणाला तरी म्हणत होता, "गप्प बसा रे, ताईंना खेळू द्या."

"तो तिला दिसला कुठून?" फ्रेमवाला दादाच्या कानाशी लागला.

दादा पडद्याच्या इतका जवळ गेला होता की वहिनीला कोपरानं त्याला ढकलावं लागलं. "बिघडलं-बिघडलं काही नाही," तो सावकाश म्हणाला. "पासपोर्टचा फोटो आहे हा. मागे डोंगर ठेवतो का आपण? पांढरा पडदा लावतो. चेहरा दिसायला पाहिजे." थोड्या वेळानं आणखी म्हणाला, "आणि वळताना बघ. कितीही जोरात वळव, चित्र फाटत नाही. आपलं कार्ड आहे."

तो डाव त्यांनी जिंकला आणि त्यानंतरचे सगळे जिंकले. शेवटच्या डावात तर समोरचा एकच उरला होता आणि आमची एकटी वहिनी. आईनं डोळे मिटून घेतले होते. ते तिनं उघडेपर्यंत सगळं संपलं होतं.

"ताई," कॅशियर म्हणाला, "स्पर्धेची यादी आत्ता पाठवतोय. तुमचं नाव पहिलं टाकलंय." मग आवाज खाली आणून, "आधीचं ते बोललो..."

"ते मी कानाआड केलं," वहिनी म्हणाली. "सरावाला वेळेवर या तुम्ही."

आता दादाच्या स्टुडिओत पासपोर्टचा फोटो काढायला येणाऱ्या प्रत्येकाला, हनुवटी वर करून हलू नका म्हणत असतानाच, त्याच्या बायकोच्या नेमाची हकीकत ऐकावी लागते. गवत काढायची कल्पना त्यात दिवसेंदिवस दादाची होत चाललीय. वहिनी ती होऊ देते. चष्म्याच्या दुकानात मात्र तिनं हे कुणाला सांगितलंच नव्हतं. म्हणून काल मी जाऊन सांगून आलो. मालकांनी सगळं ऐकलं, स्वतःचा चष्मा काढून पुसला, परत लावला आणि आत मान खाली घालून काच घासत बसलेल्या वहिनीकडे पाहिलं.

"ह्या?" त्यांनी विचारलं.

"ह्याच," मी म्हटलं.