आप्पांची स्लाइड

लातूरहून आप्पांच्या मुलाचा फोन आला, तेव्हा मी लॅबमध्ये मायक्रोस्कोपलाच डोळा लावून बसले होते. "ताई, आप्पा गेले." मान वर करायची हिंमत झाली नाही... त्या गोल उजेडात किती वेळ बघत राहिले, कोण जाणे. आता महिना होऊन गेला, आणि मी अजून तिथंच बसलेय.

चाकूरहून लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करून मी उदगीरच्या या लॅबमध्ये आले, तेव्हा इथल्या जुन्या शिवराजआप्पांनी मला हे यंत्र शिकवलं. खालच्या आरशानं उजेड स्लाइडवर घ्यायचा. स्लाइडजवळचं भिंग रक्तातली पेशी शंभर पट मोठी करतं, डोळ्याजवळचं भिंग तीच आणखी दहा पट. हजार पट! मी हरखले, तर म्हणाले, "लई खुश होऊ नको. जितकं मोठं दिसतंय, तितकी कमी जागा दिसून राहिलीय. एका जागी बघून उठायचं न्हाई." काच आणि भिंगाच्या मध्ये हवा राहिली की उजेड वाकून भलतीकडे जातो, म्हणून मध्ये तेलाचा थेंब सोडायचा आणि काम झालं की पुसायचा. वाळला, तर पुढच्या माणसाचं रक्त धूसर दिसणार. यावरून ते मला सासूसारखे टोकायचे, आणि मी तोंड फिरवून हसायचे.

त्यांचा आणखी एक नियम होता. आपली स्लाइड आपण वाचायची नाही, मन खोटं बोलतं. म्हणून गेल्या उन्हाळ्यात त्यांना थकवा येऊ लागला, तेव्हा त्यांनी रक्त घ्यायला बोट माझ्यापुढं केलं. पेशी मोजायचं मशीन दुरुस्तीला गेलं होतं. मला घरी जायची घाई होती, आणि भिंगावर आदल्या दिवशीचं तेल वाळलं होतं. पांढऱ्या पेशी मोठ्या, पुसट वाटल्या. तेलामुळेच, असं मी मनाशी ठरवलं. एकाच जागी बघितलं आणि उठले.

"सगळं नॉर्मल हाय, आप्पा."

त्यांनी विश्वास ठेवला, टॉनिक घेत राहिले... दोन महिन्यांनी लातूरच्या डॉक्टरांनी रक्ताचा कॅन्सर सांगितला. उशीर झाला होता.

दवाखान्यात भेटायला गेले, तर त्यांनी एवढंच विचारलं, "तेल पुसलं होतंस ना गं?"

"हाव, आप्पा."

त्यांनी डोळे मिटले. "मग तवा आजार नसंलच. तुझी चूक न्हाई." मी स्वतःला कधीच माफ करणार नाही, आणि ज्यांनी केलं असतं, ते आता राहिले नाहीत.

ती स्लाइड मी परवा ट्रेमधून शोधून काढली. भिंग पुसलं, तेलाचा थेंब सोडला, आरसा त्यांच्यासारखा खिडकीकडे वळवला... त्या मोठ्या पांढऱ्या पेशी लख्ख दिसल्या. एकाच जागी नाही, सरकवावं तिथं.