माझ्या सोयीचं स्टूल

माझ्या मशीनपुढची खुर्ची गेली होती. तिथे स्टूल होतं. बिनपाठीचं, दारावर शिपाई बसतात तसलं. त्याच्या एका पायाला लाल सुतळी बांधलेली, म्हणजे दुसरं कुणी चुकून घेऊ नये. खोलीत आठ मशीन आणि सात खुर्च्या. सातही जणी मान खाली घालून काम करत होत्या.

आज हापिसात कम्प्युटर असतो, तेव्हा पंचिंगचं मशीन होतं. विमेदारांची नावं, नंबर बघून कार्डांना भोकं पाडायची. ती भोकं वाचून पलीकडचं मोठं यंत्र याद्या छापायचं. मान आणि मनगटं भरून यायची. म्हणून आमच्या विभागाचे प्रमुख नाना वर साहेबांशी भांडले होते आणि पाठीच्या खुर्च्या, तासाला दहा मिनिटं विश्रांती, वर्षाला डोळ्यांची तपासणी मिळवली होती. "मशीनला तेल देता, माणसाला काय देता?" असं त्यांनी साहेबांना विचारलं होतं. आम्हाला त्यांचा केवढा अभिमान.

मला नोकरीला लावलं तेही नानांनीच. ते गिरगावातले, मी लोअर परळच्या चाळीतली, गिरणी कामगाराची पोर. घरच्यांनी नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली, तेव्हा ह्याच नानांनी माझा दंड धरून मला बाहेर ओढलं होतं. तेव्हा कुणाला काही बाटलं नव्हतं.

"नाना, माझी खुर्ची?"

"अगं, दुपारच्या पाळीच्या बाईंची तक्रार आली. एकाच मशीनवर तुम्ही दोघी. तुझ्यामागून त्या खुर्चीवर बसायला त्यांचं मन घेत नाही. मी असलं मानत नाही, तुला माहीत आहे."

"मग?"

"आधी मुंबई मिळू दे. आपल्यातलं आपण नंतर बघू. आत्ता बोभाटा झाला तर वरचे हसतील, म्हणतील मराठी माणसं आपसातच भांडतात."

मी बसले. सांगायला लाज वाटते, पण बसले. नोकरीत कायम व्हायला एक महिना राहिला होता आणि माझ्या पगारावर धाकट्या दोघांच्या शाळा चालायच्या.

तीन दिवसांत कंबर धरली. बोटं चुकायला लागली, कार्डं वाया जायला लागली. चुका कायम करताना बघतात. चौथ्या दिवशी सकाळी नानांनी इंग्रजीत टाइप केलेला कागद पुढे ठेवला. माझ्या नावाचा अर्ज. मला पाठीचा त्रास असल्यामुळे खुर्चीऐवजी स्टूल मिळावं, ही नम्र विनंती.

मागच्याच आठवड्यात मी एकट्या नानांना सांगितलं होतं, की मी बुटकी, पाय जमिनीला टेकत नाहीत, पाठ दुखते, पायाखाली फळी मिळेल का. विश्वासाने सांगितलं होतं. घरी आईलाही बोलले नव्हते. तेच दुखणं त्यांनी माझ्यावर उलटवलं. दुपारच्या बाईंचा मला राग होता. नानांनी तर मला विकून खाल्लं.

"सही कर. कायम व्हायला सोपं जाईल," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच मायेचा.

मी पेन घेतलं. टाइप केलेल्या ओळींवर काट मारली आणि खाली मोडक्या इंग्रजीत लिहिलं: माझी खुर्ची काढली, कारण मी बौद्ध आहे. दुखणं स्टुलामुळे वाढलं. खुर्ची परत द्यावी, पायाखाली फळी द्यावी. आणि मग सही केली.

नानांचा चेहरा पडला. "हे मी वर पाठवू शकत नाही."

"नका पाठवू. मी नेते."

"नोकरी जाईल, पोरी."

"पोरी म्हणू नका."

त्यांच्या टेबलामागे माझी खुर्ची भिंतीला लावून ठेवली होती. मी ती ओढत आणली, मशीनपुढे ठेवली, बसले आणि दिवसाची कार्डं संपवली. एक वाजता दुपारच्या बाई येऊन दारात उभ्या राहिल्या. मी उठले, खुर्ची पुसली नाही, आणि कागद घेऊन साहेबांच्या मजल्यावर निघाले. जिना चढताना एक पक्कं ठरलं होतं. मला काढायचं तर काढा. माझ्या नावाने खोटं कारण आता कुणाला लिहू देणार नाही.